गनाशमध्ये पाणी कुठं मुरतं?

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंबसुद्धा पडता कामा नये, असं चॉकलेटची कुठलीही रेसिपी बजावून सांगते. भांडं कोरडं हवं, चमचा कोरडा हवा, वाफही लागू द्यायची नाही. आणि गनाशच्या रेसिपीत त्याच चॉकलेटवर बिनदिक्कत वाटीभर गरम क्रीम ओतायला सांगतात. आता 35 टक्के फॅटचं क्रीम घेतलं, तर त्यात साधारण 60 टक्के निव्वळ पाणी असतं. म्हणजे थेंबाला बंदी आणि वाटीला मुभा!

हा काय प्रकार आहे, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. रेसिपी शब्दन् शब्द पाळायचे. कधी आरशासारखं चकचकीत गनाश व्हायचं, तर कधी तेल सुटलेला दाणेदार गोळा. मग चॉकलेटला नावं ठेवायची, नाहीतर स्वतःच्या हाताला. घोडं अडत होतं ते पाण्यापाशी. गनाशमध्ये पाणी किती आहे, ते कोण शोषतं आणि उरलेल्यात फॅट कसं मावतं, एवढा हिशोब कळला की प्रमाणं पाठ करायची गरज राहत नाही. फाटलेलं गनाश सावरताही येतं. म्हणून हा लेख चॉकलेटपेक्षा पाण्याबद्दल जास्त आहे.

## आधी हे की गनाश म्हणजे काय

चॉकलेट आणि क्रीम एकजीव करून होणारं मऊ, चमकदार मिश्रण म्हणजे गनाश. पातळ असेल तर केकवर ओततात, थोडं घट्ट झालं की केकच्या थरांमध्ये भरतात, आणखी घट्ट असेल तर त्याचे गोळे वळून ट्रफल करतात. शब्द फ्रेंच आहे. त्याचा मूळ अर्थ घोड्याचा जबडा, आणि बोलीभाषेत मठ्ठ माणूस. एका शिकाऊ पोराच्या हातून चॉकलेटवर गरम क्रीम सांडलं, मालकानं त्याला ‘गनाश’ म्हणून शिवी हासडली आणि तेच नाव पदार्थाला चिकटलं, अशी एक दंतकथा सांगतात. खरी असो वा नसो, पदार्थाचा स्वभाव तिच्यात बरोबर उतरलाय: चुकून झाल्यासारखा सोपा, आणि तरी करणाऱ्याला मठ्ठ ठरवण्याची ताकद असलेला.

## थेंब का नडतो?

चॉकलेट चमकदार आणि सलग दिसतं, पण खरं तर ती फॅटमध्ये भिजवलेली अतिशय बारीक पूड आहे. पूड साखरेची आणि कोकोची, मिल्क चॉकलेट असेल तर दुधाच्या पावडरचीही. फॅट कोको बटरचं, म्हणजे कोकोच्या बियांमधून निघणाऱ्या स्निग्ध पदार्थाचं. ही पूड इतकी बारीक असते की जिभेला कण लागत नाहीत. साधारण 20 ते 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेलं की जीभ कण मोजणं सोडून देते. स्वित्झर्लंडमध्ये रोडोल्फ लिंट यांनी 1879 मध्ये चॉकलेट तासन् तास घोटणारं यंत्र बनवलं, आणि चॉकलेटला आजचा तो मुलायमपणा आला.

आता डोळ्यांसमोर साखरेचा डबा आणा. कोरडी साखर वाळूसारखी ओघळते. तिच्यात ओला चमचा घातला की चमच्याभोवती ढेकूळ धरतं. साखर विरघळण्याइतकं पाणी नसतं, पण कण एकमेकांना चिकटायला तेवढं पुरतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेंब पडला की हेच होतं. फॅट पाण्याला जवळ करत नाही, साखर मात्र झडप घालते. ओले झालेले साखरेचे आणि कोकोचे कण एकमेकांना धरतात आणि गुळगुळीत चॉकलेटचा क्षणात कोरडा, रवाळ गोळा होतो. बेकिंग करणाऱ्यांच्या भाषेत ‘चॉकलेट सीझ झालं’.

पण त्याच साखरेच्या डब्यात पेलाभर पाणी ओतलं तर? ढेकूळ विरघळून पाक होईल. थेंब नडतो तो फार थोडा असतो म्हणून. पाणी पुरेसं झालं की साखर त्यात विरघळते, कोकोचे कण भिजून सुटे होतात आणि मिश्रण पुन्हा वाहतं होतं. ढोबळ अंदाज असा की 60 ग्रॅम चॉकलेटला निदान एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलीटर, पाणीदार पदार्थ हवा. त्याहून कमी असेल तर धोका, आणि चॉकलेट जितकं कडू तितकं पाणी थोडं जास्तच लागतं.

एकदा मी उकळत्या पाण्यावर चॉकलेटचं भांडं ठेवलं आणि लवकर वितळावं म्हणून वर झाकण टाकलं. झाकण उचललं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला जमलेले चार-पाच थेंब टपकन आत पडले. ढवळायला लागले, तर कडेचं चॉकलेट अजून रेशमासारखं वाहत होतं आणि मधोमध चमच्याला ओल्या मातीसारखा लगदा चिकटत होता. तो मी फेकून दिला. आज त्यात गरम क्रीम घालून निमूटपणे गनाश केलं असतं, कारण सीझ झालेलं चॉकलेट केकवर पातळ लेप द्यायला निरुपयोगी असलं तरी गनाशला बेलाशक चालतं.

## मग क्रीम घातल्यावर फॅट जातं कुठे?

तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत, हे शाळेपासून ठाऊक असतं. पण दूध रोज समोर असतं, त्यातही फॅट आणि पाणी आहेच की. दुधात फॅटचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं, जे त्याला शेजारच्या थेंबात मिसळू देत नाही. अशा रचनेला इमल्शन म्हणतात. या लेखात एवढाच एक जड शब्द लक्षात ठेवायचा आहे.

गनाश हे इमल्शन आहे. क्रीममधलं पाणी बाहेरचं मैदान होतं. चॉकलेटमधली साखर त्यात विरघळून पाक होतो, कोकोचे कण त्यातलं काही पाणी पिऊन फुगतात. आणि चॉकलेटचं कोको बटर आणि क्रीमचं फॅट बारीक थेंबांच्या रूपात या पाकात विखुरतं. थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम क्रीममधली प्रथिनं करतात, आणि चॉकलेटमध्ये बहुधा घातलेलं लेसिथिनही हातभार लावतं.

नीट झालेल्या गनाशला ती ओली चमक येते ती यामुळे. बोटावर घेतलं तर तेल लागत नाही, कारण बाहेरच्या बाजूला पाणी आहे. चॉकलेटमध्ये फॅट बाहेर आणि कण आत होते. गनाशमध्ये पाणी बाहेर आणि फॅट आत. ढवळता ढवळता ही अदलाबदल आपण आपल्या हातानं घडवतो. म्हणून तर मध्ये एक क्षण असा येतो की मिश्रण भयंकर दिसतं, ठिकठिकाणी तुटल्यासारखं, आणि नवशिका घाबरून आणखी जोरात ढवळायला लागतो. तिथं फक्त धीर धरायचा असतो.

## एकास एक, दोनास एक: आकड्यांमागचं गणित

प्रमाणं वजनाची आहेत, वाट्यांची नव्हेत. वाटीभर चॉकलेटचे तुकडे आणि वाटीभर चॉकलेटचा कीस यांच्या वजनात भरपूर फरक पडतो. किचनचा वजनकाटा नसेल, तर गनाशसाठी पहिली खरेदी तीच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. थर्मामीटर नंतर.

सोयीसाठी धरू की डार्क चॉकलेटमध्ये 35 टक्के फॅट आहे आणि क्रीममध्येही 35 टक्के. हे वास्तवापासून फार लांब नाही. आता गंमत बघा. 200 ग्रॅम चॉकलेट आणि 200 ग्रॅम क्रीम घेतलं, तर 400 ग्रॅममध्ये फॅट 140 ग्रॅम, म्हणजे 35 टक्के, आणि पाणी 120 ग्रॅम, म्हणजे 30 टक्के. क्रीम निम्मं केलं, म्हणजे 200 ग्रॅम चॉकलेटला 100 ग्रॅम क्रीम, तरी फॅट 35 टक्केच. पाणी मात्र 30 वरून 20 टक्क्यांवर उतरलं. उलट 100 ग्रॅम चॉकलेटला 200 ग्रॅम क्रीम घेतलं, तर फॅट पुन्हा 35 टक्के आणि पाणी 40.

फॅट तेवढंच, पण एक गनाश सुरीनं कापावं लागतं, दुसरं चमच्यानं पसरतं आणि तिसरं जगमधून ओतता येतं. फरक पाण्याचा, आणि त्याच्या जोडीला फॅटच्या जातीचा. कोको बटर खोलीच्या तापमानाला कडक असतं आणि साधारण 34 अंश सेल्सियसला वितळतं. दुधाचं फॅट त्यामानानं मऊ. घट्ट गनाशमध्ये एकूण फॅटपैकी दोन तृतीयांश कोको बटर असतं, पातळ गनाशमध्ये फक्त एक तृतीयांश.

व्यवहारात एवढं पुरतं: डार्क चॉकलेटसाठी केकवर ओतायला, थरांमध्ये भरायला आणि वरून लावायला एकास एक, ट्रफलसाठी दोन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम, फेटून हलकं करायचं असेल तर एक भाग चॉकलेट, दोन भाग क्रीम.

मिल्क आणि व्हाइट चॉकलेटला हेच आकडे लावले की फजिती ठरलेली. पाणी पिणारे कोकोचे कण मिल्कमध्ये कमी असतात आणि व्हाइटमध्ये मुळीच नसतात. तिथं फक्त कोको बटर, साखर आणि दुधाची पावडर. पाणी प्यायला कोणी नाही म्हटल्यावर गनाश पातळच राहणार. म्हणून पसरण्याजोग्या गनाशसाठी एक भाग क्रीमला मिल्क चॉकलेट दीड ते दोन भाग, आणि व्हाइट चॉकलेट अडीच ते तीन भाग घ्यायचं. उलट बाजूला 70 टक्क्यांचं कडू चॉकलेट. त्यात कोको आणि फॅट दोन्ही जास्त, साखर कमी. ते पाणी अधाशासारखं पितं आणि एकास एक प्रमाणातही लवकर दाटतं, कधी फाटतंही. त्याला थोडं जास्त क्रीम द्यावं. वेष्टनावरचा तो 70 चा आकडा म्हणजे कोकोची पूड आणि कोको बटर मिळून झालेला वाटा, बाकी बहुतेक साखर. आकडा मोठा म्हणजे चॉकलेट भारी, असं नाही. फक्त कमी गोड.

## करायचं कसं

चॉकलेट अगदी बारीक चिरायचं, भाजलेल्या शेंगदाण्याच्या अर्ध्या पाकळीएवढं. इथं आळस केला की पुढं सगळीकडं त्याची किंमत मोजावी लागते. क्रीम मंद आचेवर ठेवायचं आणि भांड्याच्या कडेला बुडबुडे दिसायला लागले की बंद करायचं. खळखळ उकळत ठेवलं तर पाणी वाफ होऊन जातं आणि मघाशी केलेला हिशोब कोलमडतो. क्रीम चॉकलेटवर ओतायचं, सगळे तुकडे बुडाले पाहिजेत, आणि मग दोन मिनिटं त्याला हात लावायचा नाही.

ही दोन मिनिटं सगळ्यात अवघड. पण उष्णता तुकड्यांच्या पोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि आधीच ढवळलं तर क्रीम थंड होतं आणि तुकडे तसेच राहतात.

मग स्पॅच्युला भांड्याच्या बरोबर मध्यभागी ठेवून लहान लहान गोल फिरवायचा. आधी पांढऱ्या क्रीममध्ये तपकिरी रेघा दिसतात. मग मधोमध गडद, चमकदार, ताणल्यासारखा एक ठिपका तयार होतो. हेच ते इमल्शन. तो ठिपका तळहाताएवढा झाला की वर्तुळ मोठं करत कडेचं क्रीम आत ओढून घ्यायचं. फेटायचं नाही, हवा भरली तर ओतलेल्या गनाशवर बुडबुड्यांचे व्रण उठतात.

ट्रफलसाठीच्या घट्ट प्रमाणात एक अडचण येते. क्रीम चॉकलेटच्या निम्मं असल्यामुळे त्याची उष्णता सगळं चॉकलेट वितळवायला जेमतेम पुरते. तिथं चॉकलेट आधी अर्धवट वितळवून घ्यावं. मायक्रोवेव्ह चालतो, पण कमी पॉवरवर, 15-20 सेकंदांच्या टप्प्यांत, प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळत. मायक्रोवेव्हमध्ये तुकडे आकार न बदलता आतून वितळतात. ‘अजून काहीच झालं नाही’ म्हणून एक मिनिट वाढवलं की मध्यभागी जळका वास येतो आणि त्यावर इलाज नाही.

लोणी घालायचं असेल तर सर्वात शेवटी, गनाश 40 अंशांच्या खाली, म्हणजे बोटाला कोमट लागेल इतकं उतरल्यावर. चिमूटभर मीठ मात्र कधीही घाला. व्हाइट चॉकलेटला ते माणसात आणतं.

## फाटलं तर?

रात्री साडेदहाची वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी केक द्यायचा. 70 टक्क्यांचं चॉकलेट, एकास एक प्रमाण, वरून लोण्याचा मोठा तुकडा, तोही गरम असतानाच. ढवळता ढवळता कडेला पिवळसर तेलाची रेघ दिसली. आणखी ढवळलं तर रेघेचं तळं झालं, आणि मधला भाग चिखलासारखा, निस्तेज, दाणेदार. स्पॅच्युला तिरका केला की तेल एकीकडं वाहत होतं आणि गोळा एकीकडं घसरत होता.

काय बिघडलं? एखादं छोटं सभागृह डोळ्यांसमोर आणा. माणसं मोजकी असतील तर प्रत्येकाला अंग चोरता येतं. गर्दी वाढली की धक्के सुरू होतात. पाणी म्हणजे सभागृह, फॅटचे थेंब म्हणजे माणसं. फॅट वाढवलं किंवा पाणी आटलं की थेंब एकमेकांवर आदळून एकत्र होतात आणि तेल वर येतं. मिश्रण खूप गरम असेल किंवा निम्मं गोठलेलं असताना जोरात ढवळलं, तरी हेच होतं.

तर उपाय गर्दी कमी करण्याचा नाही, सभागृह मोठं करण्याचा. म्हणजे पाणी घालायचं! ज्या थेंबाला आपण घाबरत होतो, तोच इथं कामाला येतो. मी दूध कोमट केलं आणि एक छोटा चमचा मधोमध घालून तिथंच बारीक गोल ढवळलं. पहिल्या चमच्याला काहीच झालं नाही. दुसऱ्याला मधला भाग किंचित गडद झाला. तिसऱ्याला तो चमकदार ठिपका उमटला आणि कडेचं तेल आपणहून आत ओढलं जायला लागलं. चार चमच्यांत, म्हणजे जेमतेम 20 मिलिलीटर दुधात, 400 ग्रॅम गनाश जागेवर आलं.

दूध नसलं तर गरम पाणीही चालतं. हॅण्ड ब्लेंडर असेल तर त्याचं पातं मिश्रणात पूर्ण बुडवून चालवावं. तो थेंब इतके बारीक करतो की ते पुन्हा सहजी एकत्र येत नाहीत. लोक नेमकं उलटं करतात, फाटलेल्या गनाशमध्ये आणखी लोणी किंवा आणखी चॉकलेट घालतात. ते आगीत तेल, आणि इथं तर शब्दशः.

## ‘पण माझं क्रीम एवढं घट्ट नाही’

कमी फॅटचं, 25 टक्क्यांच्या आसपासचं क्रीम हाताशी असेल, तर गनाश होतं, फक्त हिशोब बदलतो. अशा क्रीममध्ये पाणी साधारण 68 टक्के असतं. एकूण मिश्रणात पाणी 30 टक्क्यांवर ठेवायचं, तर 200 ग्रॅम क्रीमला 200 नव्हे, 250 ग्रॅम चॉकलेट लागेल. सव्वापट. एवढं लक्षात ठेवलं की ‘सेटच होत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा मिटते. हे क्रीम फेटायचं गनाश करायला मात्र कमी पडतं, कारण हवा धरून ठेवायला फॅट लागतं.

नुसत्या दुधाचं गनाश? होतं. दुधात पाणी 87 टक्के, म्हणून चॉकलेट जवळजवळ दुप्पट घ्यावं लागतं. चव क्रीमपेक्षा कमी दुधाळ आणि चॉकलेटची जास्त. नारळाचं घट्ट दूधही त्याच तत्त्वावर चालतं. नुसत्या पाण्याचंही होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तिस यांनी तर चॉकलेट आणि पाणी एवढंच घेऊन, बर्फावर फेटून, व्हिप्ड क्रीमसारखा फेस करून दाखवला. पाण्याच्या गनाशमध्ये चॉकलेटची चव आडोसा न घेता समोर येते, त्यामुळे चॉकलेट सामान्य असेल तर तेही लपत नाही.

## ‘कंपाउंड चॉकलेट चालेल का?’

कंपाउंड म्हणजे कोको बटर काढून त्याऐवजी दुसरं वनस्पतिजन्य फॅट घातलेलं चॉकलेट. वेष्टनाच्या मागे घटकांची यादी वाचा: ‘कोको बटर’ आहे की ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’, तेवढ्यावर निकाल लागतो. कंपाउंडचं गनाश होतं, सेटही होतं, गरम हवेत कधी कधी जास्त नेटानं उभं राहतं. पण कोको बटर शरीराच्या उष्णतेच्या जरा खाली वितळतं, म्हणून तोंडात ठेवताच पाणी होतं. कंपाउंडमधलं फॅट बहुधा तसं सुटत नाही आणि टाळूवर मेणचट थर राहतो. लहान मुलांच्या वाढदिवसाला कोणाच्या लक्षातही येणार नाही. ट्रफलला मात्र मी वापरणार नाही, कारण तिथं दुसरं काही नसतंच, असतं ते फक्त गनाश.

चॉकलेट चिप्सचीही एक अडचण आहे. त्या कुकीमध्ये भाजताना आकार टिकवून राहाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं गनाश जरा जाडसर होतं. नाइलाज असेल तर वापरा.

## एकच गनाश, घड्याळ वेगळं

एकास एक प्रमाणाचं गनाश एकदा केलं की त्याचं काय होणार, हे तापमान ठरवतं. 32 ते 35 अंशांना ते केकवर ओतायला योग्य असतं. त्याहून गरम ओतलं तर घसरून ताटलीत जमा होतं आणि केकचा पोत खालून दिसतो. थर्मामीटर नसेल तर थंड पेल्याच्या बाहेरच्या कडेवर चमचाभर सोडा. ओघळ निम्म्यावर येऊन थांबला तर वेळ झाली, तळाशी पोचला तर दहा मिनिटं थांबा. केक थंड हवा आणि ओतणं एका दमात. मागे वळून सुरीनं सारखं करायला गेलं की चमक गेलीच.

तेच गनाश काही तास झाकून ठेवलं की लोण्यासारखं पसरवता येतं. हा घट्टपणा सावकाश येतो, कारण कोको बटरचे स्फटिक हळूहळू जमतात. घाईनं फ्रिजमध्ये टाकलं तर कडेला दगड आणि मध्ये रस्सा अशी अवस्था होते. घाईच असेल तर उथळ ताटलीत पसरून थोडा वेळ ठेवावं.

झाकताना प्लॅस्टिकचा कागद गनाशच्या पृष्ठभागाला चिकटवून लावा. भांड्यावर ताणून लावला तर त्याच्या आत वाफ जमते, थेंब पडतात, आणि झाकणाची ती कथा पुन्हा घडते.

फेटायचं गनाश फ्रिजमध्ये निदान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवायचं आणि मग फेटायचं तेही थोडकंच. रंग फिकट झाला आणि व्हिस्कच्या खुणा दिसायला लागल्या की हात आवरायचा. आणखी अर्धं मिनिट फेटलं की फॅटचे थेंब एकत्र येऊन लोणी व्हायला सुरुवात होते.

## ‘बाहेर ठेवलं तर किती टिकेल?’

इथंही प्रश्न पाण्याचाच, पण सगळ्या पाण्याचा नाही, मोकळ्या पाण्याचा. जंतूंना वाढायला पाणी लागतं, मात्र साखरेनं धरून ठेवलेलं पाणी त्यांना सहजी मिळत नाही. मुरंबा टिकतो आणि दूध नासतं ते यामुळे. मोकळं पाणी किती, हे 0 ते 1 या मापावर मोजतात. निव्वळ पाण्याचा आकडा 1. आकडा 0.85 च्या खाली असेल तर आजारी पाडणारे बहुतेक जीवाणू तिथं वाढू शकत नाहीत. घट्ट, गोड गनाश या रेषेच्या जवळ येतं. पातळ, कमी गोड गनाश बरंच वर राहतं. घरी हे मोजायचं साधन नसतं, आणि चव किंवा वास घेऊन ते कळत नाही.

‘बेकरीत तर दिवसभर बाहेर असतात’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की व्यावसायिक गनाशमध्ये ग्लुकोज सिरपसारखे पाणी बांधून ठेवणारे घटक हिशोबानं घातलेले असू शकतात. घरच्या साध्या गनाशला तो हिशोब लागू नाही. थंड खोलीत सेट होईपर्यंत बाहेर ठेवायला हरकत नाही. त्यानंतर हवाबंद डब्यात, 4 अंशांच्या फ्रिजमध्ये, एकास एक किंवा त्याहून घट्ट असेल तर आठवडाभर, फेटायचं पातळ गनाश असेल तर तीन दिवस. ताजी फळं किंवा फळांचा गर घातला असेल तर तेही तीन दिवसच. फ्रीझरमध्ये दोन महिने राहतं. काढताना आधी रात्रभर फ्रिजमध्ये उतरवायचं, मग बाहेर आणायचं. एकदम बाहेर काढलं तर हवेतली वाफ त्यावर थेंब धरते. फ्रिजमध्ये चमक जाते, ती परत आणायची तर गरम पाण्यावर भांडं धरून हलकेच कोमट करायचं, उकळायचं नाही.

आणि भांड्याच्या कडेला, स्पॅच्युलाच्या पाठीला जे गनाश उरतं, ते धुवायच्या आधी त्या भांड्यात कपभर कडक गरम दूध ओता आणि मधोमध ढवळा. पाण्याचं प्रमाण 70-80 टक्क्यांवर गेलं की गनाश उरत नाही, प्यायचं चॉकलेट होतं. भांडंही निम्मं स्वच्छ होतं.